जिवबाची सुटका

वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहावें, अशी आज्ञा संपादक-मंडळाकडून झाली, तेव्हां आम्ही प्रथम गांगरलों. आमचे वर्गबंधु कोणी वेरूळची सहल वर्णितील, कोणी पाणचक्कीवर लिहितील, कोणी पावसाळ्यावर. आमच्या वांट्यास काय उरलें? विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, एक स्थळ असें आहे, जें आमच्याखेरीज वर्गांतील कोणींहि पाहिलेलें नाहीं. तें जमिनीपासून १०० किलोमीटर उंच असून तेथें आमचा एक माणूस जवळजवळ अडीच महिने अडकून पडला होता. त्याची ही हकीगत. आम्ही म्हणजे इयत्ता दहावींतील एकच विद्यार्थी, हें मात्र आरंभींच सांगितलेलें बरें. लेखकानें स्वतःस अनेकवचनीं संबोधिलें म्हणजे चुकांचा भार थोडा वांटला जातो, एवढाच त्यांतील हेतु.

आमचे मामेभाऊ शिक्षणासाठीं पुण्यास गेले, तेव्हां त्यांचा जुना संगणक आमच्या घरीं आला. त्यांत 'कर्बल स्पेस प्रोग्राम' नांवाचा एक खेळ होता. या खेळांत सुट्या भागांपासून आपणच अग्निबाण जुळवावयाचा, त्यांत माणसें बसवावयाचीं आणि आकाशांत पाठवावयाचीं. हा खेळ मेक्सिकोंतील स्क्वाड नांवाच्या कंपनींत तयार झाला व २४ जून २०११ रोजीं तो प्रथम लोकांच्या हातीं आला. त्याचे जनक फेलिपे फालांघे हे लहानपणीं चकचकीत पत्र्याच्या कागदाचीं बाहुलीं करून तीं शोभेच्या दारूच्या बाणांवर बसवून उडवीत आणि त्या बाहुल्यांस 'कर्बल' म्हणत. हें वाचून आम्हांस त्यांच्याविषयीं फार आपुलकी वाटली. कारण दिवाळींतील किल्ल्यावरचा मातीचा मावळा बाणाच्या काडीस बांधून स्वर्गास धाडण्याचा प्रयोग आम्हींहि एकदां केला होता. आमचा मावळा शेजारच्या काकूंच्या आकाशकंदिलांत उतरला. त्याबद्दल आम्हांस जें मिळालें, तें फराळाचें नव्हतें.

खेळांतील पृथ्वी लहान आहे. खऱ्या पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,३७१ किलोमीटर. या कर्बिन नामक गोलाची अवघी ६००. तेथील हवा ७० किलोमीटरांवर संपते. पण गोल खोटा असला तरी नियम खरे आहेत. वजन, इंधन, वेग व गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब तेथें कोणासहि चुकत नाहीं. यानांत बसणारे वीर हिरव्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे व अतिशय आनंदी. त्यांचा अग्रणी जेबेडिया करमन. यान पेटलें, तुटलें, उलटें झालें, तरी याच्या मुखावरील हास्य मावळत नाहीं. आमच्या आजीस तें परदेशी नांव उच्चारेना. तिनें त्याचें 'जिवबा' असें बारसें केलें व तेंच आमच्या घरांत रूढ झालें.

आमचे आरंभींचे पराक्रम सांगावयाचे तर पहिल्या यानास आम्ही हवाई छत्री लावण्यास विसरलों. दुसऱ्यास लावली, पण टप्प्यांचा क्रम चुकला. इंजिन पेटण्याऐवजीं छत्रीच सुटली आणि यान जागच्या जागीं लग्नांतल्या नवरदेवासारखें उभें राहिलें. तिसरें यान सरळ वर गेलें. तें ८० किलोमीटरपर्यंत गेलेलें पाहून आम्ही आजीस म्हटलें, "आजी, जिवबा आतां आकाशांतच राहणार." पांच मिनिटांनीं जिवबा जेथून गेला होता तेथेंच, पण बऱ्याच अधिक वेगानें, परत आला.

तो खालीं कां आला, हें आमच्या वडिलांनीं समजावून दिलें. ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत लेथ-यंत्रावर काम करतात. ते म्हणाले, "दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पाहिलीस ना? समज, ती तूं आडवी डागलीस. गोळा थोड्या अंतरावर पडेल. दारू वाढवलीस, तर आणखी दूर. वाढवतच गेलास, तर एक वेळ अशी येईल कीं, गोळा जितका खालीं पडेल, तितकीच पृथ्वीहि त्याच्याखालून वळत जाईल. मग तो पडतच राहील, पण टेकणार कधींच नाहीं." ही कल्पना मुळांत न्यूटनची, तोफ मात्र आमच्या गांवची. खऱ्या पृथ्वीवर हवेचा अडथळा नसता, तर यासाठीं सेकंदास सुमारें ७.९ किलोमीटर वेग लागला असता. तेव्हां आम्हांस उमगलें कीं, आकाशांत राहण्याचें रहस्य उंचींत नसून आडव्या वेगांत आहे.

ज्या बालमित्रांस हा खेळ खेळावयाचा असेल, त्यांच्यासाठीं स्वानुभवाचे चार बोल येथें लिहून ठेवितों. पहिला : उड्डाणापूर्वीं टप्प्यांची यादी मोठ्यानें वाचावी, सर्वांत खालचें इंजिन प्रथम, छत्री सर्वांत शेवटीं. दुसरा : यान थोडें वर जाऊन वेग सेकंदास शंभर मीटर झाला कीं, त्यास हळूहळू पूर्वेकडे झुकवावें. गोल स्वतः पूर्वेकडे फिरत असल्यानें तेवढा वेग फुकट मिळतो. तिसरा : कक्षेच्या सर्वांत उंच बिंदूवर पोंचल्यावर पुन्हां इंजिन चालवावें, म्हणजे पलीकडची बाजू उचलली जाते. चौथा : जातांना येण्याचें इंधन राखावें. हा चौथा बोल आम्हांस जिवबानें शिकविला, आणि त्याची किंमतहि त्यानेंच भरली.

सन २०२४ च्या दिवाळीच्या सुटींत आमचें यान प्रथमच कक्षेंत पोंचलें. १०० किलोमीटर उंची, जवळजवळ पूर्ण वर्तुळ! घरांत आम्हीं एवढा गलका केला कीं, आजी चकलीचा सोऱ्या हातांत घेऊनच बाहेर आली. मग इंधनाच्या कांट्याकडे लक्ष गेलें. कांटा शून्यावर होता. परत येण्यासाठीं सेकंदास अवघा ६० मीटर वेग कमी करावयास हवा होता. पण तेवढेंहि इंधन नव्हतें. हवा ७० किलोमीटरवरच संपत असल्यामुळें यानास अडविणारेंहि कांहीं नव्हतें. जिवबा हंसत हंसत गोलाभोंवतीं फिरत राहिला.

या खेळांत एक कळ दाबली म्हणजे मागील क्षण परत येतो व चूक पुसली जाते. आम्ही ती दाबणार, तोंच आजीनें विचारलें, "हें काय करतोस?" आम्हीं सांगितलें. आजी क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "म्हणजे लेकराला वर टाकलें आणि टाकलेंच नाहीं म्हणायचें? त्यापेक्षां जा आणि घेऊन ये त्याला." मग ती हळूच म्हणाली, "त्याच्याजवळ भाकरी आहे का रे?" खेळांतील वीरांस भूक लागत नाहीं, असें सांगितल्यावर तिचा चेहरा थोडा निवळला, पण आम्हांस ती कळ दाबण्याचें पुढें धैर्य झालें नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं सुटकेचें यान धाडलें. त्यांत माणूस नव्हता. एक रिकामी जागा होती. तें बरोबर जिवबाच्याच कक्षेंत पोंचलें, पण त्याच्या पाव फेरी मागें. आम्हांस वाटलें, आतां काय अवघड आहे? जिवबा पुढें आहे. त्याच्याकडे नाक रोखावें आणि इंजिन पूर्ण सोडावें. तसें केलें. अंतर क्षणभर कमी झालें, मग वाढूं लागलें. आम्हीं अधिक जोर लावला, तसें तें अधिकच वाढलें. आमचें यान वर वर चढत गेलें आणि जिवबाच्या मागें मागें पडूं लागलें. शेवटीं त्याचेंहि इंधन संपलें. आजी म्हणाली, "एक होता, आतां दोन झाले!"

सुटी संपली. शाळा उघडली आणि प्रथम सत्राच्या परीक्षेचे कागद हातीं आले. गणितांत आम्हांस ४० पैकीं ११ गुण होते. यांत शिक्षकांचा दोष नव्हता. आम्हींच नव्हतों तेथें. वडील रागावले नाहींत. त्यांनीं संगणकाची तार काढून कपाटांत ठेविली व म्हणाले, "जानेवारींत चांचणी आहे. तींत उत्तीर्ण हो, तार घेऊन जा." रागावले असते तर बरें झालें असतें, असें त्या रात्रीं आम्हांस वाटलें. निजल्यावर डोळ्यांपुढें तो ११ चा आंकडा येई, आणि त्याच्यामागें हंसणारा जिवबा.

आम्हीं अभ्यासास जोरानें आरंभ केला. वर्गांत त्रिकोणमिति चालू होती. आम्ही पहांटे उठून त्रिकोणमिति, रात्रीं जागून त्रिकोणमिति! सूत्रें पाठ केलीं. पण उदाहरण किंचित् फिरवून दिलें कीं, आमची गाडी रुतलीच. जितका जोर लावावा, तितका वर्ग पुढें निघून जाई. एके रात्रीं आम्ही पुस्तकावर डोकें ठेवून बसलों असतां आजी जवळ आली.

आजीचें माहेर पैठणचें. ती म्हणाली, "जायकवाडीचें धरण व्हायच्या आधीं गंगेला पाणी कसें असायचें, तुला काय माहीत! पलीकडे जायचें तर नावाडी घाटासमोर नाव सोडतच नसे. आधीं काठाकाठानें उलटा वर जाई आणि मग सोडी. नवखा माणूस सरळ घाटाकडेच वल्हवायचा. तो खालीं कोठें तरी बाभळींत सांपडायचा." इतकें सांगून ती झोंपावयास गेली. आम्हांस मात्र बराच वेळ झोंप आली नाहीं.

सकाळीं वडिलांस आजीचें बोलणें सांगितलें. त्यांनीं कागदावर एकांत एक अशीं दोन वर्तुळें काढलीं. "बाहेरच्या वाटेवर जिवबा. तूं त्याच्या मागें. आंतल्या वाटेवर उतरलास तर काय होईल? वाट लहान, आणि गोलाच्या जवळ असल्यानें वेगहि अधिक. म्हणजे पुढच्याला गांठायचें, तर आधीं खालीं उतर. तूं इंजिन पुढें सोडलेंस, म्हणून वरच्या लांब वाटेवर गेलास आणि मागें पडलास."

पुढें एका पुस्तकांत वाचलें, तेव्हां समाधान वाटलें कीं, अशी फजिती केवळ आमचीच झालेली नाहीं. ३ जून १९६५ रोजीं अमेरिकेच्या जेमिनी ४ यानांतून जेम्स मॅकडिव्हिट यांनीं आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याकडे नाक रोखून जाण्याचा प्रयत्न केला होता. तो टप्पा दूरच जाऊं लागला आणि इंधन फार खर्चूं लागल्यामुळें त्यांस बेत सोडावा लागला. त्याच वर्षीं १५ डिसेंबरला मात्र हिशेबानें गेलेलें जेमिनी ६-अ हें यान जेमिनी ७ च्या अवघ्या एका फुटावर जाऊन उभें राहिलें. जोर दोन्ही वेळां होता. हिशेब दुसऱ्या वेळीं अधिक होता.

मग आम्हीं खालीं उतरण्याचें ठरविलें. आठवीचें पुस्तक काढलें. त्यांतील घातांक व वर्गमूळहि कच्चें निघालें. शेवटीं धाकट्या बहिणीचें सातवीचें पुस्तक मागावें लागलें. गुणोत्तर व प्रमाण तेथें होतें. नववींतील बंधूनें सातवींतील भगिनीपुढें हात पसरणें किती कठीण, हें ज्यांस धाकट्या बहिणी आहेत तेच जाणतील. तिनें रोज एक चिक्की भाडें ठरविलें व तें उधार ठेविलें नाहीं. परंतु तीन आठवड्यांत एक चमत्कार घडला. त्रिकोणमिति म्हणजे दोन बाजूंचीं गुणोत्तरेंच आहेत, हें वाक्य शिक्षकांनीं वर्गांत अनेकदां सांगितलें होतें. तें आम्हांस प्रथमच ऐकूं आलें.

तार कपाटांत होती. पण कागद-पेन्सिल कपाटांत नव्हती. केप्लरनें १६१९ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा आहे कीं, फेरीच्या काळाचा वर्ग हा कक्षेच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणांत असतो. जिवबाची उंची १०० किलोमीटर. गोलाची त्रिज्या ६०० मिळवून ७००. फेरीचा काळ १,९५८ सेकंद, हें आमच्या वहींत टिपलेलें होतें. आम्हीं ८० किलोमीटरवर राहिलों, तर त्रिज्या ६८०. सहाशें ऐंशी भागिलें सातशें, त्याचा घन, त्याचें वर्गमूळ, उत्तर ०.९५७५. म्हणजे आमची फेरी १,८७५ सेकंदांची. प्रत्येक फेरींत ८३ सेकंद मिळणार. पाव फेरी म्हणजे सुमारें ४९० सेकंद मागें असलों, तर सहा फेऱ्यांत जिवबा गांठला! सातवींतील गुणोत्तर, आठवींतील घातांक आणि वर आकाशांत आमचा माणूस, हीं तिन्ही एका ओळींत उभीं राहिलेलीं पाहून अंगावर शहारा आला. गणित कशासाठीं शिकावयाचें, हा प्रश्न आम्हीं त्यानंतर कोणासहि विचारलेला नाहीं.

त्याच सुमारास आपल्या देशांत एक खरा प्रयोग चालू होता. ३० डिसेंबर २०२४ रोजीं इस्रोनें 'स्पेडेक्स' नांवाचीं दोन लहान यानें श्रीहरिकोट्याहून सोडलीं होतीं. तीं आकाशांत एकमेकांस जोडावयाचीं होतीं. तारीख दोनदां पुढें गेली. १२ जानेवारीस तीं परस्परांपासून तीन मीटरांवर आलीं आणि तेथून त्यांस पुन्हां दूर नेण्यांत आलें. आम्हीं हळहळलों. वडील म्हणाले, "तीन मीटरांवरून मागें फिरायला जोर लागत नाहीं, छाती लागते." १६ जानेवारी २०२५ रोजीं तीं जोडलीं गेलीं आणि भारत असें करणारा चौथा देश ठरला. त्याच आठवड्यांत चांचणीचे गुण कळले. आम्हांस २० पैकीं १३ होते. हे गुण फार नव्हेत, हें आम्ही जाणतों. पण ते आमचे होते. वडिलांनीं कांहीं न बोलतां कपाटाची किल्ली पुढें केली.

रविवार, १९ जानेवारी. घरचीं सर्व मंडळी संगणकापुढें बसली. बहिणीनें टप्प्यांची यादी कारखान्यांतल्याप्रमाणें एकेक वाचून खूण केली. छत्री सर्वांत शेवटीं आहे, हें तिनें दोनदां पाहिलें. यान उडालें, पूर्वेस झुकलें, ८० किलोमीटरवर स्थिर झालें. जिवबा बरोबर पाव फेरी पुढें होता. आम्हीं कांहींच केलें नाहीं. या खेळांतील सर्वांत कठीण कृति हीच. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. अंतर हिशेबाप्रमाणें कमी होत गेलें. सहाव्या फेरीच्या शेवटीं आम्हीं बेतानें इंजिन चालवून कक्षा उंचावली. काळोखांत एक ठिपका दिसला. ठिपक्याचें यान झालें. शेवटच्या शंभर मीटरांत पुढें जाण्याऐवजीं वेग मारीत राहावें लागतें; तसें करून दोन्ही यानें शेजारीं शेजारीं उभीं केलीं. जिवबा बाहेर आला, पोकळींतून तरंगत आला आणि रिकाम्या जागेवर बसला. तो हंसत होता. अर्थात् तो नेहमींच हंसतो. पण त्या दिवशीं आम्हांस तें हास्य निराळें वाटलें. छत्री वेळेवर उघडली व यान समुद्रांत उतरलें. आजीनें संक्रांतीचा राहिलेला तिळगूळ प्रथम पडद्यापुढें ठेविला आणि मग आमच्या हातावर.

पुढें एका जाणत्या मित्रानें सांगितलें कीं, जिवबास बाहेर काढून पाठीवरील यंत्राच्या जोरानें त्याच्याचकडून यान ढकलवून घेण्याचीहि एक युक्ति आहे. सुटकेचें यान धाडण्याचें कारणच नव्हतें. ही युक्ति आम्हांस आधीं कळली नाहीं, हें आमचें भाग्य.

२५ जून २०२५ रोजीं ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अवकाशस्थानकाकडे निघाले. स्थानकाची उंची सुमारें ४०० किलोमीटर. येथून मुंबईपेक्षां थोडें अधिक. तरी त्यांस पोंचावयास २८ तास लागले. "आपली रेल्वेहि याहून लवकर जाते!" असें एक वर्गबंधु म्हणाला. आम्ही मात्र मनांत उमजलों. वर जाण्यास कांहीं मिनिटेंच लागतात. गांठण्यास धीर लागतो.

पालकांस एवढेंच विनवितों कीं, खेळापायीं आमचें गणित बुडालें हें खरें. त्याच खेळानें तें वर काढलें, हेंहि खरें. पण मधल्या काळांत ती तार कपाटांत होती, हें विसरूं नये. आणि ज्या मित्रांस वर्ग पुढें गेलासा वाटतो, त्यांस सांगतों : जोर लावूं नका, खालीं उतरा. धाकट्या बहिणीचें पुस्तक मागण्यांत लाज नाहीं. चिक्कीचा खर्च मात्र धरावा.

आमचें पहिलें सुटकेचें यान अद्याप वरच फिरत आहे. तें आणावयाचें कां, असें आम्हीं परवां आजीस विचारलें. ती म्हणाली, "त्यांत कोणी आहे का?" कोणी नाहीं, असें म्हणतांच ती उठली. "मग फिरूं दे. तूं अभ्यासाला बस." आजीची आज्ञा मोडवत नाहीं, म्हणून येथेंच वाचकांची रजा घेतों.